आधी मांड, मग लगाम

सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याला बारीक इशाऱ्यांवर लयीत चालवण्याच्या प्रकाराचं, सांघिक सुवर्ण जिंकलं. चौघांच्या त्या संघात मुंबईचा हृदय छेडाही होता. त्यानंतर या विषयावर जी पत्रं येतात, त्यांत पदकाबद्दल फारसं कुणी विचारत नाही. बहुतेकांचं कुठेतरी अडलेलं असतं. त्यातली सहा पत्रं या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : माझं वय ४७. दोन वर्षं क्लबमध्ये घोडेस्वारी करते. ट्रॉट (दुडकी), कॅन्टर (हलकी दौड) जमतो. ड्रेसाज शिकायचंय म्हटल्यावर नव्या सरांनी आधी रिकिबी काढून घेतल्या, मग लगामही. घोडा लांब दोरीवर गोल फिरतो आणि मी नुसती बसते. तीन महिने झाले. मी पुढे चाललेय की मागे? आणि या वयात हे सुरू करण्यात काही अर्थ आहे का? (पुणे)

उत्तर : तुम्हाला चांगले शिक्षक मिळाले आहेत. दोरीवर गोल फिरवण्याला आपल्याकडे ‘कावा’ असा जुना शब्द आहे, हल्ली सगळे लंजिंग म्हणतात. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये दाखल होणारा नवा विद्यार्थीही असाच सुरू करतो : शिकलेला, वयस्क घोडा, हातात लगाम नाही, पायात रिकीब नाही, आणि असे कित्येक महिने. ही शिक्षा नव्हे. लगाम हातात असला की तोल जाताच माणूस त्यालाच धरतो. लगामाच्या दुसऱ्या टोकाला घोड्याच्या तोंडातलं कडियाळं असतं; ते जिभेवर आणि दात नसलेल्या नाजूक हिरडीवर टेकलेलं असतं. तुमचा तोल सावरण्याची किंमत त्या हिरडीने मोजायची, हे टाळण्यासाठी आधी मांड पक्की करतात.

सत्र वीस मिनिटांचं पुरे. वर्तुळ १८ ते २० मीटर व्यासाचं हवं; त्याहून लहान वर्तुळात घोड्याच्या सांध्यांवर ताण येतो. पहिली पाच मिनिटं वॉक, म्हणजे घोड्याची साधी चाल. नंतर बसून ट्रॉट, पण एका वेळी एक-दोन मिनिटंच, मग पुन्हा वॉक. दर पाच मिनिटांनी दिशा बदलायची. सुरुवातीला एका हाताने खोगिराचा पुढचा उंचवटा धरला तरी चालतं. त्यात कमीपणा नाही.

वॉकमध्ये एक गोष्ट शिकून घ्या, ती जन्मभर उपयोगी पडेल. घोड्याचा डावा मागचा पाय पुढे येतो तेव्हा त्याचं पोट उजवीकडे झुकतं आणि तुमचं डावं बैठकीचं हाड खाली, पुढे उतरतं. उजवा पाय येताना उजवीकडे तसंच होतं. डोळे मिटा आणि मोठ्याने म्हणा : डावा, उजवा, डावा, उजवा. शिक्षक मधोमध उभे आहेत, ते चूक-बरोबर सांगतील. शंभरातली नव्वद पावलं बरोबर ओळखता आली की पुढचं पुष्कळ सोपं होतं. पायाचा इशारा द्यायचा तो नेमका घोड्याचा तो मागचा पाय जमिनीवरून उचलला जाताना. पाय जमिनीवर टेकलेला असताना दिलेला इशारा घोडा पाळूच शकत नाही. माणसं मग जास्त जोराने टाच मारतात आणि घोड्याला बधिर करून ठेवतात.

ट्रॉटमध्ये बिघडतं ते बहुतेक गुडघ्यामुळे. गुडघे खोगिराला आवळले की मांड्यांचा चिमटा होतो, आणि चिमट्यातून साबणाची ओली वडी सटकावी तसं शरीर वर उडतं. उडालं की भीतीने आणखी आवळलं जातं. उपाय असा : वॉकमध्ये दोन्ही पाय कमरेपासून खोगिराबाहेर दोन बोटं उचलायचे, तीन मोजायचं, सोडायचे. दुखतं, म्हणून तीनदाच. त्यानंतर मांडी सपाट आणि लांब होऊन खाली पडते. ती जागा लक्षात ठेवायची. दुसरी चूक म्हणजे टाच जोर लावून खाली दाबणं. त्याने घोटा ताठ होतो, आणि घोट्यात जिरायला हवा होता तो धक्का सरळ कमरेत येतो.

वयाचं म्हणाल, तर जपानचे हिरोशी होकेत्सू २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजमध्ये उतरले तेव्हा ७१ वर्षांचे होते. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे पाय पोलिओने गुडघ्याखाली निकामी झाले होते, घोड्यावर चढायला मदत लागायची. १९५२ मध्ये हेलसिंकीला स्त्रियांना या प्रकारात पहिल्यांदा प्रवेश मिळाला आणि त्यांनी पुरुषांसोबतच्या स्पर्धेत रौप्यपदक घेतलं. मांड ही जोराची गोष्ट नाही, याचा याहून चांगला पुरावा आमच्याकडे नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी कमरेचे स्नायू मात्र आखडलेले असतात. रोज दहा मिनिटं मांड्यांच्या पुढच्या आणि आतल्या बाजूचे ताण घरीच सोडवा.

प्रश्न : आमच्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे ढोलाच्या तालावर नाचतात. व्हिडिओत पाहिलेला ‘पियाफ’ही जागच्या जागी नाचच वाटला. मग ड्रेसाज वेगळं ते काय? (शहादा)

उत्तर : प्रश्न सरळ आहे आणि त्याचं उत्तर घोड्याच्या मागच्या पायांत आहे. पुढचे पाय कितीही उंच उडोत, नजर पुठ्ठ्यावर, म्हणजे घोड्याच्या ढुंगणाच्या भागावर ठेवा.

पियाफ म्हणजे जवळजवळ जागच्या जागी केलेला ट्रॉट. डावा पुढचा आणि उजवा मागचा पाय एकत्र, मग दुसरी जोडी, लय अजिबात न तुटता. पुढच्या उचललेल्या पायाचा खूर दुसऱ्या पायाच्या नळीच्या (गुडघ्याखालच्या हाडाच्या) मध्यापर्यंत येतो. मागचा त्याहून कमी, खुरावरच्या सांध्याच्या जरा वर. मागचे तिन्ही मोठे सांधे दुमडतात, पुठ्ठा खाली उतरतो, वजन मागे जातं आणि पुढचा भाग आपोआप हलका होतो. मान कमानीत, सगळ्यात उंच जागा कानांमागची, नाक उभ्या रेषेच्या किंचित पुढे. तोंड मिटलेलं, शेपूट सैल. आणि खरी कसोटी : स्वाराने कधीही पुढे सोडलं तर त्याच लयीत घोडा ट्रॉट करत निघाला पाहिजे.

यात्रेतल्या नाचात पुष्कळदा उलट दिसतं. पाठ खाली बसलेली, पुठ्ठा वर, मागचे पाय ताठ, तोंड उघडं. घोडा कडियाळ्यापासून सुटका शोधत पुढचे पाय आपटत असतो. सगळीकडे असंच असतं असं नाही. तिथल्या काही स्वारांची तालाची जाण आणि मारवाडी, काठियावाडी घोड्यांची तडफ थक्क करणारी आहे. पण घोडा ताणातून नाचतोय की ताकदीतून, हे आता तुम्हाला बघता येईल.

युरोपातही सारं पहिल्यापासून शुद्ध होतं असं समजू नका. १५५० मध्ये नेपल्सच्या ग्रिसोनेने लिहिलेल्या ग्रंथात घोड्याला वठणीवर आणण्याचे क्रूर उपाय सापडतात. त्याच्या कितीतरी आधी, सुमारे २,३५० वर्षांपूर्वी, अथेन्सच्या झेनोफोनने मात्र बजावलं होतं की जबरदस्तीने केलेलं घोड्याला समजत नाही आणि ते सुंदरही दिसत नाही. नर्तकाला चाबकाने मारून नाचवावं तसंच ते. १७३३ मध्ये फ्रान्सच्या द ला गेरिनिएरने त्याच विचाराला पद्धतशीर अभ्यासक्रमाचं रूप दिलं, आणि व्हिएन्नात आजही शिकवतात ते त्याच पायावर.

प्रश्न : शर्यतीतून निवृत्त झालेला सात वर्षांचा थरोब्रेड घेतलाय. लगाम हातात घेतला की मान वर, पाठ खाली, आणि हातावर ओझं टाकून पळतो. ओळखीचे स्वार म्हणतात ड्रॉ-रेन (पोटाखालच्या तंगापासून कडियाळ्याच्या कडीतून हातात येणारा जादा लगाम) लाव, आठवड्यात मान खाली येईल. लावू का? (मुंबई)

उत्तर : नको. मान खाली येईल हे खरं, पण पाठ वर येणार नाही. ड्रॉ-रेन कप्पीसारखी काम करते. तुमच्या हाताचा जोर वाढून तोंडावर पोचतो. घोडा मान मधेच मोडतो, नाक छातीकडे नेतो आणि मागचे पाय जिथे होते तिथेच राहतात. दिसायला ड्रेसाज, आत काही नाही. ही सवय एकदा लागली की ती घालवायला मुळात लागला असता त्याच्या दुप्पट वेळ जातो.

तुमचा घोडा अवज्ञा करत नाही, त्याला शिकवलं तेच करतोय. शर्यतीच्या घोड्यासाठी ताणलेला लगाम म्हणजे ‘टेकून पळ’. तुम्ही थांब म्हणून ओढता, त्याला जोरात चल असं ऐकू येतं.

आधी शरीर तपासून घ्या. दात पशुवैद्याकडून घासून घ्या, हे वर्षातून एकदा तरी हवंच. नाकावरचा पट्टा इतका सैल हवा की नाकाच्या हाडावर त्याखाली दोन बोटं सहज जातील. आवळलेला पट्टा तोंडाची तक्रार फक्त लपवतो. शर्यतीच्या घोड्यांत पोटातले अल्सर फार आढळतात. तंग आवळताना कान मागे करत असेल, चावायला येत असेल तर आधी तीच तपासणी. रिकाम्या पोटी काम देऊ नका. अर्धा तास आधी थोडा सुका चारा घातला तर पोटातलं आम्ल वर उसळत नाही. आणि खोगीर : पूर्वीच्या मालकाचं तेच वापरत असाल तर या घोड्याच्या पाठीवर ते बसतं की नाही, हे जाणकाराकडून बघून घ्या.

मग काम. आठवड्याला पाच दिवस, रोज ४० ते ४५ मिनिटं. पहिली दहा मिनिटं लांब लगामावर वॉक, शेवटची दहाही तशीच. मधल्या वेळात २० मीटरचं वर्तुळ, उठत-बसत ट्रॉट, लय इतकी सावकाश की तुम्हाला ती गुणगुणता यावी. दर चार-पाच मिनिटांनी विश्रांती. घोडा पळू लागला की ओढायचं नाही. वर्तुळ १५ मीटरवर आणायचं, श्वास सोडायचा, उठण्याची गती स्वतःच मंद करायची. थरोब्रेड हे ऐकतात, फार बारीक ऐकतात.

हाफ-हॉल्ट, म्हणजे घोड्याला न थांबवता क्षणभर सावरण्याचा इशारा, इथेच शिका. पाठ उंच करून खोल बसा, पोटऱ्या हलक्या लावा, बाहेरच्या हाताची मूठ ओला बोळा पिळावा तशी मिटा, आणि सोडा. सगळं मिळून एक-दोन सेकंद. बहुतेकांचं सोडायचं राहतं. घोडा शिकतो ते त्या सोडण्यातून, कारण त्याच क्षणी त्याला कळतं की आपण केलं ते बरोबर होतं.

काही आठवड्यांनी एक दिवस असा येईल की तो मान पुढे-खाली लांबवेल, नाकाने जोरात फुरफुरेल आणि खोगिराखालची पाठ तुम्हाला वर येताना जाणवेल. तेव्हा लगाम बोटांतून सरकू द्या. पाठीचा वरचा स्नायू दिसायला लागेपर्यंत सहा महिने ते वर्ष धरा. ऑस्ट्रियाचे स्वार अलोइस पोधाय्स्की यांनी १९३६ मध्ये बर्लिनला ड्रेसाजचं कांस्यपदक मिळवलं तो नीरो हाही शर्यतीत न चाललेला थरोब्रेडच होता.

प्रश्न : शोल्डर-इन (मागचे पाय कडेलाच ठेवून घोड्याचे खांदे आत घेऊन चालवणं) करताना माझ्या घोड्याची नुसती मान आत वळते, बाकी घोडा सरळच. चूक घोड्याची की माझी? (नाशिक)

उत्तर : तुमच्या आतल्या हाताची. ही ड्रेसाजमधली सगळ्यात जास्त केली जाणारी चूक आहे, म्हणून क्रमाने सांगतो.

डाव्या हाताला काम चालू आहे, म्हणजे मैदानाचा मध्य तुमच्या डावीकडे आहे, असं धरा. मैदानाचा कडेचा पट्टा आधी दाताळ्याने ओढून साफ करून घ्या, खुरांचे ठसे दिसले पाहिजेत. वॉकमध्ये कोपऱ्यात दहा मीटरचं वर्तुळ करा. ते पुरं होऊन कडेला याल तेव्हा दुसरं वर्तुळ सुरू करायचं आहे असं समजून पहिलं पाऊल टाका. पुढचे पाय कडेवरून आत आले त्याच क्षणी बाहेरच्या, म्हणजे उजव्या लगामाने हाफ-हॉल्ट, आणि डावी पोटरी तंगाजवळ : आता आत नाही, कडेने पुढे चल. उजवा पाय तंगाच्या जरा मागे, पुठ्ठा बाहेर सटकू नये म्हणून. तुमचे खांदे घोड्याच्या खांद्यांना समांतर, नजर कडेच्या रेषेवर पुढे. वजन किंचित डाव्या हाडावर, पण डावी कंबर मोडू द्यायची नाही.

चार-पाच पावलं झाली की पुरे. परत वर्तुळ, नाहीतर खांदे कडेला आणून सरळ. आता उतरा आणि ठसे बघा. तीन रेषा हव्यात : कडेला बाहेरचा मागचा पाय, मध्ये बाहेरचा पुढचा आणि आतला मागचा, एकाच रेषेत, सगळ्यात आत आतला पुढचा. कोन साधारण ३० अंशांचा. दोनच रेषा असतील तर फक्त मान वळली. चार असतील आणि पुठ्ठा भिंतीला लागत असेल तर आतल्या पोटरीने जास्त ढकललं आणि बाहेरचा पाय झोपला होता.

आतल्या हाताची परीक्षा सोपी आहे. शोल्डर-इन चालू असताना आतला लगाम दोन पावलं पूर्ण सैल सोडा. कोन तसाच राहिला तर घोडा तुमच्या बैठकीवर आणि बाहेरच्या लगामावर आहे. मोडला तर इतका वेळ तुम्ही त्याला आतल्या लगामाने ओढून धरलं होतं. रोज करा, वॉकमध्येच. वॉकमध्ये दोन्ही बाजूंनी दहा-दहा पावलं शांत होईपर्यंत ट्रॉटला जाऊ नका. एक बाजू सोपी, दुसरी कठीण असणारच. घोडाही माणसासारखा डावखुरा-उजवखुरा असतो. कठीण बाजूला जास्त वेळ रगडू नका. सोप्या बाजूने सुरू करा, कठीण बाजूला थोडं, परत सोपी.

प्रश्न : जर्मनीत राहते, बारा वर्षं शिकते आहे. एक शिक्षिका म्हणतात पायाने घोडा हातात आणा. दुसरे म्हणतात हात असेल तेव्हा पाय नको, पाय असेल तेव्हा हात नको. आणि प्रत्येक नवा घोडा मला पुन्हा वॉकपाशी आणून ठेवतो. हे कधी संपतं? (म्युनिक)

उत्तर : दुसरं सूत्र एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्सच्या घोडेस्वारी-शिक्षक बोशेचं. गंमत म्हणजे आयुष्याचा पहिला मोठा काळ त्याने जवळजवळ विरुद्ध शिकवलं. १८५५ मध्ये सर्कशीतलं झुंबर अंगावर कोसळून पाय जखमी झाले आणि त्यानंतरच्या वर्षांत त्याची पद्धत जोराकडून हलकेपणाकडे वळली. साठीजवळच्या, युरोपभर नाव झालेल्या माणसाने आपलंच शिकवणं असं नव्याने मांडलं. जर्मन परंपरेतला श्टाइनब्रेष्ट त्याचा कडवा टीकाकार होता. श्टाइनब्रेष्टचं म्हणणं, घोडा पुढे चालवा आणि सरळ करा. दोन्ही परंपरांतून सुंदर घोडे तयार झालेत. पण एकाच महिन्यात दोन्ही चालवल्या तर घोड्याला तुमचा पाय कळणार नाही आणि हातही. किमान दोन वर्षं एकाच शिक्षकाच्या हाताखाली शिका. कुणाच्या, हे ठरवायचं तर त्यांच्या तासाला शेवटची दहा मिनिटं बघा : घोडा सुरुवातीपेक्षा सैल, लांब पावलांचा झालाय का, आणि लगाम सोडल्यावर मान खाली लांबवतो का. तिथे खोटं चालत नाही.

कधी संपतं, याचा हिशोब असा. पाठीच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायला घोड्याला साडेपाच-सहा वर्षं लागतात. व्हिएन्नाच्या त्या शाळेत लिपिझानर जातीचा घोडा खोगिराखाली येतो तो चौथ्या वर्षी. पहिलं वर्ष नुसतं सरळ, मोकळं पुढे जाणं, मग वळणं आणि आडवी पावलं, आणि सगळं शिक्षण उरकायला साधारण सहा वर्षं. म्हणजे चाळीस वर्षं स्वारी केलेल्या माणसाच्या हातून आरंभापासून शेवटापर्यंत तयार झालेले घोडे बोटांवर मोजण्याइतकेच. प्रत्येकाची पाठ वेगळी, भीती वेगळी, डावी-उजवी वेगळी. मागच्या घोड्याने दिलेली उत्तरं या घोड्याला लावता येत नाहीत. मागच्याने शिकवलेलं ऐकणं तेवढं बरोबर येतं. तुम्ही वॉकपाशी परत येता ते खरं, पण बारा वर्षांपूर्वी त्या वॉकमध्ये तुम्हाला मागचा डावा पाय ऐकू येत होता का?

आमच्या मते रागाचा हिशोबही ठेवा. कुठल्या पावलाला राग आला, त्याआधी घोड्याने काय केलं, त्याआधी तुम्ही काय केलं, हे वहीत लिहा. महिनाभरात दिसेल की राग बहुतेकदा इशारा उशिरा दिल्यावर आलाय.

प्रश्न : पावसाळ्यात आमचं मैदान चार महिने चिखल असतं. शिकवलेलं सगळं वाया जातं. काय करावं? (कोल्हापूर)

उत्तर : खोल चिखलात ट्रॉट नको, पायाच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) दुखावतात. टणक रस्ता किंवा पागेचं अंगण असेल तर वॉकमध्ये हाताने चालवा. घोड्याच्या खांद्याशी उभे राहा, एका हातात कडियाळ्याजवळ लगाम, दुसऱ्या हातात मीटरभर लांब छडी, पोटरी लागते तिथे नुसती टेकवायला. चालणं, थांबणं, चार पावलं मागे, तीन-चार पावलं शोल्डर-इन. पंधरा मिनिटं, दोन्ही बाजूंनी सारखी. छडीने मारायचं नाही. घोडा छडीला घाबरत असेल तर पहिला आठवडा ती अंगावरून फिरवून खरारा करतो तशी सवय लावा.

खूर दिवसातून दोनदा साफ करा. तळव्यातल्या मऊ त्रिकोणाच्या बाजूच्या खाचांत काळा, कुजका वास येणारा लगदा दिसला तर तो त्रिकोण कुजायला लागलाय. खाच कोरडी करून पशुवैद्याने दिलेलं औषध लावा आणि ठाणावरचं ओलं गवत रोज बदला. खुरावरच्या केसांखाली खपल्या आल्या तर त्या उपटू नका, पाय धुतल्यावर फडक्याने कोरडे करा. ऑक्टोबरात मैदान वाळलं तरी पहिले दोन आठवडे वॉक आणि थोडा ट्रॉट, कॅन्टर तिसऱ्या आठवड्यापासून.